भूल उतरेपर्यंत

पेशंटचं तोंड उघडं होतं आणि तिच्या दोन्ही हातांत काहीतरी होतं, म्हणून ती पळाली नाही. नाहीतर पळालीच असती. तिच्या दातांच्या दवाखान्यातली दुपारची वेळ होती. खुर्चीत एक कॅशियर आडवा झालेला, त्याच्या खालच्या दाढेचं रूट कॅनाल चाललेलं, दाढेभोवती रबराचा हिरवा पडदा ताणलेला. पलीकडे मावशी थुंकी ओढणारी नळी धरून उभ्या होत्या. मावशी म्हणजे तिच्या मदतनीस, तिच्याहून वयानं मोठ्या, दवाखाना उघडला तेव्हापासूनच्या. वेगळं असं काही नव्हतं. बारीक सुई ती दाढेच्या मुळात फिरवत होती, बोटांच्या टोकांना आतल्या भिंतीचा खरखरीतपणा कळत होता, आणि मनात घरी जाताना पडदे धुवायला टाकायचे आहेत असं काहीतरी चाललं होतं. तेवढ्यात तिनं एक श्वास घेतला, तो गळ्यापर्यंत आला आणि तिथंच अडला. दुसरा घेतला. तोही तसाच. मास्कच्या आतली हवा कुणीतरी काढून घेतल्यासारखी झाली. छातीत काहीतरी सुटलं आणि बरगड्यांवर धडका द्यायला लागलं. बोटांना मुंग्या आल्या, दिव्याचा प्रकाश एकदम पांढरा आणि सपाट झाला, आणि मावशींचा चेहरा काचेमागून बघावा तसा लांब गेला. आपण मरतोय, तिला वाटलं. आत्ता, इथं, आणि ह्या माणसाच्या दाढेत सुई तशीच राहणार. मरण्यापेक्षा त्या सुईचीच तिला जास्त लाज वाटली. तिनं सुई बाहेर काढली, ट्रेमध्ये ठेवली, आणि आपलाच आवाज तिला ऐकू आला, अगदी नेहमीसारखा. "दोन मिनिटं हं. तोंड असंच ठेवा." मागच्या न्हाणीघरात जाऊन तिनं खिडकी उघडली, मास्क ओढून काढला आणि उपड्या बादलीवर बसून राहिली. खाली गल्लीत कुणीतरी मोटारसायकल पुसत होतं. तो फडक्यानं आरसा पुसायचा, लांब होऊन बघायचा, पुन्हा पुसायचा. ती त्याच्याकडे बघत मरायची वाट बघत राहिली. मेली नाही. धडका मंदावल्या, घाम थंड झाला. ती परत आली तेव्हा कॅशियर आज्ञाधारकपणे आ वासून पडलेला होता. तिनं काम पुरं केलं. जाताना तो म्हणाला, "डॉक्टर, तुमच्याकडे आलं ना, की भीती म्हणून वाटत नाही बघा." मावशी ट्रे उचलता उचलता तिच्याकडे बघत होत्या.

हृदयाच्या डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या केल्या. फिरत्या पट्ट्यावर पळवलं, छातीला तारा लावल्या, रक्त घेतलं, आणि शेवटी कागद तिच्याकडे सरकवत म्हणाले, "अहो, घोड्याचं हृदय आहे तुमचं. मजेत राहा." ती मजेत नव्हती. उलट बाहेर पडताना निराश झाली, कारण हृदयाचं काही निघालं असतं तर त्याला नाव मिळालं असतं, गोळी मिळाली असती, नवऱ्याला सांगता आलं असतं. आता हातात काहीच नव्हतं. होतं ते फक्त वाट बघणं. ते पुन्हा कधी येईल, आणि आलं तेव्हा आपण कुठं असू? ह्या एका प्रश्नानं तिचं शहर हळूहळू बदलून टाकलं. ज्यातून पटकन बाहेर पडता येतं ते रस्ते बरे, ज्यात मधल्या रांगेत गाडी अडकते ते वाईट. दुकानात सामान घ्यायला हरकत नव्हती, पण पैसे द्यायच्या रांगेत पुढं एक, मागं एक माणूस आला की मानेमागं गरम व्हायला लागायचं, आणि एकदा ती भरलेली टोपली तशीच जमिनीवर ठेवून बाहेर आली. लिफ्ट सुटली. केस कापायला जाणं सुटलं, कारण गळ्याभोवती ते कापड बांधतात आणि मग उठता येत नाही. दवाखान्यात तिनं मास्क एक नंबर मोठा मागवला, तो नाकावरून घसरायचा. लांबलचक चालणारी कामं ती चौकातल्या दुसऱ्या डॉक्टरकडे पाठवायला लागली. तो तिच्या कॉलेजातला. "काय गं, एवढी उदार कशी झालीस?" त्यानं फोनवर विचारलं. "मान धरते रे माझी," ती म्हणाली. एवढं सफाईदार खोटं आपल्याला कधीपासून बोलता यायला लागलं, ह्याचं तिला नवल वाटलं नाही. ते आपोआपच येत गेलं होतं.

नवरा शाळेत गणित शिकवायचा. स्वभावानं सरळ. एखादं उत्तर बरोबर आलं की त्याच्यामागं लपलेलं दुसरं काही असेल, असं त्याच्या मनातही यायचं नाही. "पिक्चरला जाऊ या," तो म्हणाला. "पाय दुखतायत," ती म्हणाली. "अगं, पिक्चर बसून बघतात." "डोकंपण दुखतंय." "म्हणजे मधलं तेवढं ठीक आहे ना?" तो हसला आणि वह्या तपासायला बसला. तिलाही हसू आलं, आणि त्याच क्षणी वाटलं की आत्ता सांगून टाकावं. तो लाल पेन बाजूला ठेवील, शांतपणे ऐकेल. पण काय सांगायचं? मला भीती वाटते? कसली? कसलीच नाही. ह्या घरात भीती वाटायची ती त्याला. पाल दिसली की तो खुर्चीवर चढायचा आणि झाडू घेऊन जायची ती. आख्ख्या नात्यागोत्यात तिची ख्यातीच तशी होती. कुणाचं ऑपरेशन असो, कुणाला अपघात होवो, हिला बोलवा, ही डगमगत नाही. रात्री अंथरुणावर ती कुशीवर वळून उशीला कान लावायची, आणि उशीतून आपलंच हृदय ऐकू यायचं. म्हणून मग उताणी झोपायची. लग्नाच्या नवऱ्यापासून एक हातभर अंतरावर ती असं काहीतरी सांभाळत पडलेली असायची, जे त्याला दाखवता येत नव्हतं आणि टाकूनही देता येत नव्हतं.

शेवटी ती एका मानसोपचारवाल्या बाईंकडे गेली. त्यांची निवड तिनं एकाच गोष्टीवरून केली होती, त्यांचा दवाखाना तळमजल्यावर होता. बाई सत्तरीच्या आसपास, कानात ऐकायचं यंत्र, टेबलावर चष्म्याच्या चार जोड्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "दात काढायच्या आधी तुम्ही सुई देता. त्यात काय असतं?" तिला वाटलं, म्हातारीला विषय बदलायचाय. "भुलीचं औषध. आणि थोडं अ‍ॅड्रेनलिन, म्हणजे रक्त कमी येतं." "आणि ते थोडं रक्तात गेलं, की पेशंट काय म्हणतो?" वर्षानुवर्षं ती पेशंटच्या खांद्यावर हात ठेवून तेच एक वाक्य म्हणत आली होती. छातीत धडधडतंय? घाबरू नका, औषधाचं आहे ते, आत्ता जाईल. आणि पेशंट तिच्यावर विश्वास ठेवायचे, आणि ते जायचंही. "तेच औषध तुमचं शरीर स्वतःचं स्वतः सोडतंय," बाई म्हणाल्या. "वाघ आला तर पळायला म्हणून ते असतं. तुमच्याकडे वाघ नाही. पण शरीराला ते कोण सांगणार? तुम्ही दर वेळी पळून जाता. मग शरीर म्हणतं, बघा, वाघ होताच, बरं झालं पळालो." ती म्हणाली, "मग काय करायचं?" "पळायचं नाही. तिथंच थांबायचं. श्वास ओढायच्या मागं लागू नका, सोडा, लांब सोडा. ते चढतं, वर जातं, आणि उतरतं. उतरल्याशिवाय राहत नाही. पण ते उतरताना तुम्ही तिथं असलं पाहिजे, एवढंच." आणि मग, कागदावर गोळ्यांची नावं लिहिता लिहिता, "घरी सांगितलंत?" "नाही." "का?" बाईंनी कानातलं यंत्र नीट केलं, जणू उत्तर आलं असेल आणि त्यांनाच ऐकू गेलं नसेल.

समजणं वेगळं आणि थांबणं वेगळं, हे तिला दुकानाच्या रांगेत पुन्हा कळलं. थांबायचं ठरवून ती गेली, आणि थांबली, आणि ते आलं. सगळं माहीत असून आलं. हे अ‍ॅड्रेनलिन आहे, हे अ‍ॅड्रेनलिन आहे, असं ती स्वतःशी म्हणत होती आणि पोटातून दुसरंच कुणीतरी ओरडत होतं की ह्या वेळी खरं आहे. त्या दिवशी ती टोपलीतल्या सामानासकट घरी आली, आणि त्या विजयानं एवढी गळून गेली की दाराशीच बसली. दुसऱ्या आठवड्यात पुन्हा पळाली. असं चाललं होतं. कधी एखादा दिवस मोकळा जायचा, तर त्याचीच धास्ती वाटायची, की उद्या वसूल होणार.

अशातच आईचा फोन आला. "तुझ्या बाबांचा गाल बघ येऊन. फुग्यासारखा झालाय. रात्रभर येरझाऱ्या घालतात आणि विचारलं की म्हणतात, काही नाही." बाबांना तिनं फोनवरच गोळ्या सांगितल्या. सूज थोडी उतरली, पण दाढ काढावीच लागणार होती. "चौकातल्या डॉक्टरकडे घेऊन जा," ती म्हणाली, "त्याचा हात हलका आहे." मागून बाबांचा आवाज आला. दुखत्या गालानं ते शब्द चावून बोलत होते. "दुसऱ्या कुणाकडे जाणार नाही म्हणावं. काढायची तर तिनं काढावी. नाहीतर राहू दे." ह्यात खरं तर तिला आनंद व्हायला हवा होता. आजवर बाबा तिच्या खुर्चीत एकदाही बसले नव्हते. दवाखाना उघडला त्या दिवशीसुद्धा सगळे आत फिरून खुर्ची, दिवे, यंत्रं बघत होते, आणि बाबा बाहेर फुटपाथवर उभे राहून पाटी सरळ लागली आहे का ते बघत होते. "डाव्या बाजूला बोटभर खाली आहे," असं त्यांनी आत निरोप पाठवून कळवलं होतं. बाबांची हीच तऱ्हा. नोकरीभर त्यांनी जमिनी मोजल्या, उन्हातान्हात, माळावर, दुर्बीण तिपाईवर लावून. वरची जागा चालून आली तेव्हा नको म्हणाले. आई त्यावर अजून बोलायची, "साहेब झाले असते. पण ह्यांना चार भिंतीत करमत नाही ना." लग्नकार्यात ते मांडवाच्या तोंडाशी. नाटकाला दाराजवळची खुर्ची, आणि दुसरा अंक सुरू झाला की ती रिकामी. तिला पदवी मिळाली त्या समारंभात तिनं व्यासपीठावरून बघितलं, तर आई एकटी टाळ्या वाजवत होती आणि शेजारी बाबांची पिशवी होती. नंतर ते आवारातल्या झाडाखाली सापडले. "आत फार गर्दी होती," ते म्हणाले. त्या दिवशी तिनं मनाशी एक ठरवून टाकलं. ह्या माणसाला आपल्यात रस नाही, कधी नव्हताच. असे असतात काही बाप. ह्या गोष्टीचा तिला फार त्रास होईनासा झाला होता. जुन्या मोडलेल्या बोटाचा होत नाही तसा.

दवाखाना बंद असतो त्या दुपारी तिनं त्यांना बोलावलं. मावशींना सुट्टी होती. मदतीला कुणी नसलेलंच तिला बरं वाटलं; पळायची वेळ आली तर निदान बघणारं कुणी नसेल. आई बाहेरच्या बाकावर बसली, पर्समधून विणकाम काढून. बाबा आतल्या खोलीच्या उंबऱ्यावर येऊन थांबले आणि खुर्चीकडे बघत राहिले. गाल एका बाजूनं वर आलेला, दाढी न केलेली, आणि शर्टाचं वरचं बटण उघडं. "मी उभाच बरा," ते म्हणाले. "उभ्यानं दाढ नाही काढता येत, बाबा." "पाठ आडवी करायची नाही मग." "नाही करत. बसल्या बसल्या काढू." "आणि दार राहू दे उघडं." दार तिनं आधीच उघडं ठेवलेलं होतं, आपल्यासाठी. मागं एक लाकडाचा ठोकळाही सारला होता, आपोआप लागू नये म्हणून. तो ठोकळा बाबांनी बघितला. मग ते आले आणि खुर्चीच्या कडेवर टेकले. दोन्ही पाय जमिनीवर ठेवून, उठायच्या बेतात असल्यासारखे.

तिनं हात धुतले, मास्क चढवला. छातीत बारीक थरथर सुरू झालीच होती. औषधांच्या खणात दोन तऱ्हेच्या भुली असायच्या, नेहमीची आणि बिनअ‍ॅड्रेनलिनची. हात नेहमीच्या डब्याकडे गेला आणि तिथून आपणच परत आला. तिनं दुसरी घेतली. का घेतली ते तिनं स्वतःला विचारलं नाही. सुई बघून बाबांनी मान मागं घेतली. "मी कॉलेजात असताना एकदा दिली होती मला. ती नको." "ती नाहीच ही. हिनं धडधड होत नाही." बाबा तिच्याकडे बघत होते. लांबचा एखादा खांब दुर्बिणीत नेमका सापडावा तसे. "मला धडधड होते असं मी कधी म्हटलं?" "नाही म्हणालात." "तुझी आई म्हणाली?" "नाही." "मग?" सुई हातात तशीच धरून ती म्हणाली, "मला होते."

बाबांनी तोंड उघडलं. ती समजली आणि तिनं सुई दिली. हात स्थिर होता. हाताचं तिला नेहमी नवल वाटायचं. पू झालेल्या जागी भूल सावकाश चढते, थांबावं लागतं. ती स्टुलावर बसली. "कुठं होते?" त्यांनी विचारलं. कशी नाही, का नाही, कुठं. "कुठंही. पहिल्यांदा इथंच झाली. ह्याच खुर्चीशी." "मरतोय असं वाटतं?" "हो." "नाहीतर वेड लागणार असं." "तेही." बाबांनी मान हलवली. ओठ जड झाल्यामुळे शब्द एका बाजूनं सांडायला लागले होते, पण ते थांबेनात. "मला पहिल्यांदा बसमध्ये झालं. तू पोटात होतीस. तुझ्या आईला माहेरी सोडायला चाललो होतो. खिडकीशी ती, मधे मी, बाहेरच्या बाजूला एक जाडा माणूस आणि त्याच्या मांडीवर ट्रंक. एकदम वाटलं की संपलं आता. ट्रंकेवरून उडी मारून उतरलो, खरंच उडी मारून. आईला म्हटलं, ऑफिसचं काम आठवलं. ती तशीच गेली पुढं. एकटी, आठव्या महिन्यात." ते जरा थांबले. "मग परत कशात अडकायचंच नाही असं ठरवलं. मोजणीचं काम चांगलं. माळावर सगळीकडे दारच असतं." पदवीच्या समारंभातली ती पिशवी तिला आठवली. ते पिशवी ठेवून गेले होते. म्हणजे परत यायचं म्हणून ठेवली असणार. प्रत्येक वेळी ते आत आले होते, बसले होते, जमेल तेवढं थांबले होते. ती व्यासपीठावर यायच्या आधी किती वेळ ते त्या खुर्चीचे हात घट्ट धरून बसले असतील, ह्याचा तिनं कधी विचार केला नव्हता. "ह्याला नाव आहे?" बाबांनी विचारलं. "पॅनिक अटॅक म्हणतात." बधिर ओठांनी त्यांनी तो शब्द म्हणून बघितला, तो पहिल्याच अक्षराला घसरला. "नाव आहे म्हणजे आणखी कुणाकुणाला होत असणार," ते म्हणाले. त्यांच्या आवाजात एवढं आश्चर्य होतं की तिला रडू आलं. मास्क होता म्हणून बरं.

दाढ सैल झालेलीच होती. तिनं पक्कड लावली आणि हलवायला सुरुवात केली, आत, बाहेर, आत, बाहेर, मुळांचा हाडाशी असलेला संबंध हळूहळू सुटत चाललेला बोटांना कळत होता, आणि नेमकं तेव्हाच ते आलं. श्वास गळ्याशी अडला. मास्क तोंडावर चिकटला. दिवा पांढरा झाला. बाबांचा चेहरा, आपल्या बापाचा चेहरा, ओळखीचा असून अनोळखी होत लांब गेला. उघडं दार उजव्या हाताला होतं, चार पावलांवर, आणि त्यातून मोकळी वाट दिसत होती. पाय तिकडे वळलेसुद्धा. ती म्हणाली, "बाबा, मला आत्ता होतंय." बाबा खुर्चीचे हात धरून बसले होते, बोटांची पेरं पांढरी पडलेली. त्यांनी तिचं मनगट धरून पक्कड तोंडातून बाहेर घेतली आणि म्हणाले, "जा. बाहेर जाऊन ये. मी बसतो इथं." आयुष्यात पहिल्यांदा ते कुणाला असं म्हणत होते. ते खरंच बसणार होते, अर्धवट हललेली दाढ घेऊन, ह्या खुर्चीत. "नको," ती म्हणाली. दात तिचे वाजत होते. "गेले तर परत येणार नाही मी." "मग काय करायचं असतं?" "काही नाही. थांबायचं. ते उतरतं." "उतरतं?" "उतरतं म्हणतात." "बरं," बाबा म्हणाले, "थांबू." आणि दोघं थांबले. तिनं श्वास सोडला, लांब, जेवढा निघेल तेवढा, मग पुन्हा. बाबांनी तिचं मनगट सोडलं नव्हतं. त्यांचा हात थंड आणि ओला होता, तिचाही. बाहेर रस्त्यावर एक गाडी मागं घेताना टुंईटुंई वाजत राहिली, थांबली. ते वर चढत गेलं, आता फुटणार असं झालं, आणि तिथं, फुटायच्या जागी, बराच वेळ तसंच उभं राहिलं. तिला वाटलं, आपण आता कायमच्या अशाच उभ्या राहणार. मग केव्हातरी दिव्याचा रंग पिवळट झालेला तिला दिसला. बाबांच्या भुवईतला एक लांब केस दिसला. ती अजून थरथरत होती, पण खोलीत होती. "तोंड उघडा," ती म्हणाली, आणि दाढ दोन हिसक्यांत निघाली.

तिनं खड्ड्यावर कापसाचा बोळा ठेवला. "दाबून धरा. बोलायचं नाही अजिबात." बाबांनी दात आवळले आणि डोळे मिटले. तेव्हा दारात आई उभी असलेली तिला दिसली. हातात विणकाम, एक सुई लोंबकळत असलेली. किती वेळ उभी होती कोण जाणे. दार उघडं होतं. बाकावर सगळं ऐकू गेलं होतं. "मी बसच्या खिडकीतून मागं वळून बघितलं होतं," आई म्हणाली. ती बाबांशी बोलत होती, पण बघत होती त्या रक्तानं माखलेल्या दाढेकडे. "तुम्ही रस्त्याच्या कडेला उकिडवे बसला होतात. मला वाटलं, माझ्याबरोबर माहेरी यायचं नाही म्हणून नाटक केलंत." बाबांनी डोळे उघडले. "आणि मग पुढं सगळीकडे तेच. लग्न असो, नाटक असो. मी बसले, की तुम्ही उठायचात. मी धरून चालले की माझ्याशेजारी बसायची तुम्हाला लाज वाटते. मी शिकलेली नाही, मला चारचौघांत बोलता येत नाही. त्याचीच." आईचा आवाज चढला नाही. "रंगीत लुगडी नेसायची सोडली मी. म्हटलं, उठून दिसायलाच नको." बाबा जोरजोरात मान हलवत होते आणि त्यांचं बोट तोंडाकडे चाललं होतं, बोळा काढायला. "बाबा, काढू नका, रक्त थांबायचं नाही," ती म्हणाली. बाबांनी हात खाली घेतला. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, सुजलेल्या गालावरून एका बाजूला, आणि बधिर झालेल्या त्या गालाला ते कळत नव्हतं. "आता बोलायची वेळ आली तर तोंडात बोळा," आई म्हणाली. ती हसली की काय ते कळलं नाही. तिनं आत येऊन पदराच्या टोकानं त्यांचा गाल टिपला, हळू, दुखऱ्या बाजूला हात न लावता, आणि पेशंटच्या बूट-चपलांच्या जागी पडलेलं लहान स्टूल ओढून त्यांच्या गुडघ्याशी बसली.

मग तिनं लेकीकडे बघितलं. "तो मास्क काढ आधी. पांढरीफटक झालीयस." तिनं मास्क काढला. हवा थंड लागली. "तुला कधीपासून होतंय हे?" "झाले काही महिने." "जावयांना माहितेय?" "नाही." "का नाही?" मानसोपचारवाल्या बाईंनीही हेच विचारलं होतं. "सांगीन," ती म्हणाली. "आज संध्याकाळी सांगते." "संध्याकाळी सांगू, संध्याकाळी सांगू, असंच ह्यांचंही झालं असणार," आई म्हणाली. "तेवढ्यात म्हातारी झाले मी. आत्ता लाव फोन." "आई, तो वह्या तपासत असेल." "असू देत." बाबा खुर्चीतून तिच्याकडे बघत होते. तोंड घट्ट मिटलेलं, आणि त्यांनी एकदाच मान खाली केली, हो अशी.

तिनं हातमोजे काढून टाकले. बोटं अजून ओलसर होती, फोनवर नीट चालेनात. घंटा वाजत राहिली आणि त्या घंटेबरोबर छातीत ते पुन्हा जागं व्हायला लागलं, पायऱ्या चढत यावं तसं. तिनं भिंतीला पाठ टेकवली. कुठंतरी दूर, त्यांच्या घरात, खुर्ची सरकल्याचा आवाज आला आणि नवरा म्हणाला, "हां, बोल. झाली का बाबांची दाढ? निघालीस?"

"नाही," ती म्हणाली, "मी अजून आतच आहे. तू घाईत आहेस का?"

"छे. का गं? आवाज असा का येतोय तुझा?"

"मग ऐक," ती म्हणाली, आणि पुढचा श्वास येतोय की नाही ह्याची वाट न बघता बोलायला लागली.